श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर : वारीच्या वाटेला शिस्त लावणारा सरदार



आपल्या गावच्या विठ्ठलमंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पूर्णत्वास गेला. कुणी पैका दिला, कुणी बैलगाडीने दगड-वाळूच्या खेपा केल्या, कुणी अंगमेहनत केली. ज्या मायबहिणींजवळ द्यायला दुसरे काही नव्हते त्यांनी कामावरच्या गवंड्यांना वेळच्या वेळी भाकरी पोचवली. या आनंदाच्या प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र असावे, अशी सर्वांची इच्छा होती. संतांची चरित्रे आपण कीर्तनातून नेहमीच ऐकतो. म्हणून या खेपेस अशा एका सत्पुरुषाची ओळख करून देत आहोत, की ज्यांनी घालून दिलेल्या रिवाजाप्रमाणे लाखो लोक दरवर्षी आळंदीहून पंढरीला चालत जातात, पण ज्यांचे चरित्र त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. ते सत्पुरुष म्हणजे श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर.

आपल्या गावातून वारीला जाणाऱ्या मंडळींच्या तोंडी त्यांचे नाव असते. परंतु हे बाबा कोण, कुठले, त्यांनी नेमके काय केले, असे नव्या पिढीतील मुलांनी विचारले तर उत्तर देताना आपण अडखळतो. तेवढ्यासाठी हा अल्प प्रयत्न.

आरफळचा सरदार

हैबतबाबांचे मूळ नाव हैबतराव पवार. सातारा जिल्ह्यातील आरफळ हे त्यांचे गाव, म्हणून पुढे आरफळकर हे नाव पडले. घराणे मराठ्यांचे, तलवारबहाद्दर. त्या काळच्या अनेक कर्त्या पुरुषांप्रमाणे हैबतराव घरदार सोडून उत्तरेत गेले आणि ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी राहून त्यांनी सरदारकी मिळवली.

तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. मराठ्यांची फौज म्हणजे नुसती घोडदळाची गर्दी नव्हती. हजारो माणसे, घोडी, बैल, तंबू, दाणावैरण, बाजारबुणगे असे एक चालते गावच रोज मुक्काम हलवीत असे. तळ कुठे पडायचा, पाणी कुठे मिळणार, पुढे कोण, मागे कोण, कूच कधी, याची व्यवस्था नीट नसेल तर शत्रूची गाठ पडण्याआधीच फौज उपासमारीने आणि गोंधळाने मोडायची. हैबतरावांचे तारुण्य या व्यवस्थेत गेले. माणसांचा मोठा जमाव हलवायचा कसा, हे ज्ञान त्यांनी तेथे कमावले. पुढे या ज्ञानाचा उपयोग देवाच्या कामी व्हायचा होता.

घरी भक्तीचा संस्कार होताच. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठावर त्यांची निष्ठा होती आणि छावणीतही त्यांचा नित्यनेम चुकला नाही, असे वारकरी मंडळी सांगतात.

सातपुड्यातील बंदिवास

हैबतरावांच्या आयुष्याला कलाटणी देणारी एक हकिकत वारकरी परंपरेत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. नोकरीत मिळवलेली संपत्ती घेऊन, सोबतीला माणसे घेऊन हैबतराव गावी परत निघाले. वाटेत सातपुड्याच्या डोंगरात भिल्लांच्या टोळीने त्यांना गाठले. सगळे द्रव्य लुटले गेले आणि हैबतरावांना एका गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावण्यात आली.

हाताशी तलवार नाही, सोबतीला माणूस नाही, सुटकेची आशा नाही. अशा स्थितीत हैबतरावांनी हरिपाठ धरला. दिवस कोणता आणि रात्र कोणती याचे भान राहिले नाही. एकवीस दिवस असे गेले. त्याच सुमारास टोळीच्या नायकाच्या घरी फार दिवसांनी मुलगा झाला. गुहेत कोंडलेला माणूस देवाचा माणूस आहे आणि त्याच्या नामस्मरणाचे हे फळ आहे, असे नायकाच्या मनाने घेतले. शिळा दूर झाली. हैबतरावांची सुटका झाली आणि लुटलेले द्रव्यही त्यांना परत मिळाले.

या कथेत चमत्कार किती आणि इतिहास किती, या वादात आपण शिरू नये. तिच्यातून निष्पन्न झालेली गोष्ट मात्र पक्की आहे. हैबतरावांनी सरदारकी सोडली. आरफळच्या वाड्यात सुखाने बसण्याऐवजी ते आळंदीस आले आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीपाशी कायमचे राहिले. सरदार हैबतराव पवार मागे राहिले आणि हैबतबाबा उदयास आले. समाधीपुढे रात्री भजन करावे, पहाटे काकड्याला उभे राहावे, हाच त्यांचा दिनक्रम झाला.

वाटेवरचे भय

पंढरीची वारी हैबतबाबांच्या आधीही शेकडो वर्षे चालत होतीच. खुद्द ज्ञानेश्वर माउलींच्या घराण्यात वारी होती. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी इ.स. १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीस येत, तेथे माउलींच्या पादुका पालखीत घेत आणि ज्ञानोबा-तुकाराम असे दोघांचे नामघोष करीत पंढरीस जात. पुढे अनेक वर्षे हा क्रम चालला. नंतर देहूकर मंडळींमध्ये मान आणि हक्क यांवरून मतभेद झाले. तेव्हा हैबतबाबांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे काढण्याचे ठरवले. हे साल इ.स. १८३२ मानले जाते.

त्या वेळी देशात काय परिस्थिती होती? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली होती. मुलखात इंग्रजांचा अंमल आला होता. फौजा मोडल्या होत्या आणि पोटासाठी वाटमारी करणाऱ्यांची भीती होती. पूल नव्हते. आषाढात नदीला पाणी आले की दोन-दोन दिवस काठावर बसावे लागे. यात्रेच्या गर्दीत पटकीची साथ पसरली तर माणसे वाटेतच प्राण सोडीत. अशा वाटेने दहा-पाच जण मिळून निघाले, तर धडधाकट माणूस पुढे जायचा आणि म्हातारा, दुबळा, एकटी बाई मागे पडायची. मागे पडलेल्याचे कुणी विचारायचे?

एकट्या वाटसरूवर काय प्रसंग गुदरतो हे हैबतबाबांना सातपुड्याने शिकवले होते, आणि मोठा जमाव सुखरूप कसा न्यायचा हे फौजेने शिकवले होते. या दोन्ही अनुभवांची सांगड त्यांनी घातली.

एकट्याच्याने हे होणारे नव्हते. बेळगाव भागातील अंकलीचे सरदार शितोळे हे शिंदे घराण्याचे सोयरे. हैबतबाबांनी त्यांच्याकडे शब्द टाकला आणि शितोळे सरकारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची व्यवस्था अंगावर घेतली. माउलींचे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत पायी आणण्याचा प्रघात तेव्हापासून चालत आला आहे. खंडोजीबाबा, वासकर यांच्यासारख्या थोर वारकऱ्यांनी आपापल्या दिंड्यांसह साथ दिली. आपल्या देणगीदार बंधूंनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शितोळे सरकारांनी घोडा दिला, पण त्या दोन घोड्यांपैकी एकावर स्वार बसतो तो निशाण घेऊन, आणि दुसऱ्याची पाठ मोकळी असते. तो माउलींचा घोडा. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याने पुन्हा बसायचे नाही, याची याहून चांगली खूण कुठली?

दिवेघाटाचा दिवस

हैबतबाबांनी नेमके काय केले हे समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या सोहळ्यातील एक दिवस पाहावा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. त्यातला सर्वांत खडतर दिवस पुण्याहून सासवडला जाण्याचा. ही मजल तीस किलोमीटरच्या आसपास भरते, मध्ये दिवेघाटाची चढण आणि त्यात बहुतेक वर्षी एकादशीचा उपवास.

पुण्यात भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात माउलींचा मुक्काम असतो. पहाटे काळोखातच काकडा होतो, पादुकांची पूजा होते. मग तुतारी वाजते. पहिली तुतारी झाली की बिछाना गुंडाळायचा, सामान गाडीत टाकायचे. दुसरी झाली की आपापल्या दिंडीत आपल्या जागी उभे राहायचे. तिसरी झाली की चालू लागायचे. फौजेतल्या कुचाची ही रीत. ज्याला घड्याळ माहीत नाही, ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही ती कळते. मागे राहिलो ही तक्रार करायला कुणाला जागा उरत नाही आणि कुणाची वाट पाहत लाखभर माणसे खोळंबत नाहीत.

चालण्याचा क्रमही ठरलेला. सर्वांत पुढे नगारखान्याची गाडी, तिच्यामागे अश्व, मग रथापुढच्या सत्तावीस दिंड्या, मग माउलींचा रथ आणि रथामागे शेकडो दिंड्या. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे. आपल्या क्रमांकाच्या पुढे सरकायचे नाही आणि मागेही रेंगाळायचे नाही. दिंडीच्या आतही तोच शिस्तीचा प्रकार. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंग, मग विणेकरी, त्यांच्यामागे तुळशीवृंदावन आणि पाण्याचे हंडे डोईवर घेतलेल्या माउल्या. ज्याच्या गळ्यात वीणा तो दिंडीचा प्रमुख. मग घरी तो जमीनदार असो की मजूर.

भजनाचेही तसेच. सकाळी काकड्याचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी. पुढे वाराचे अभंग आणि दुपार कलल्यावर हरिपाठ. सोमवारचे अभंग वेगळे, गुरुवारचे वेगळे. त्यामुळे चालणाऱ्याच्या पायांना लय मिळते आणि जिभेला काम मिळते. रिकामी जीभ भांडण उकरून काढते, हे बाबांना ठाऊक असले पाहिजे. शिवाय आणखी एक लाभ. ज्याने कधी पाटी धरली नाही असा माणूस वीस-पंचवीस वाऱ्यांत शेकडो अभंग पाठ करून बसतो. ही चालती शाळाच म्हणायची.

हडपसरला वाट फुटते. तुकोबांची पालखी सोलापूरच्या रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची पालखी सासवडकडे वळते. दोन्हीकडचे वारकरी येथे एकमेकांना हात जोडतात. आता भेट पंढरीच्या अलीकडे वाखरीला. मग फुरसुंगी, उरुळी देवाची अशी गावे मागे पडतात. गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला केळी, राजगिऱ्याचे लाडू, शाबूची खिचडी, शेंगदाणे घेऊन उभे असतात. वडकीला विसावा होतो आणि मग समोर दिवेघाट उभा राहतो.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली मस्तानी तलावाचे पाणी, वरून पावसाची सर. पाय भरून येतात, पोटात अन्न नाही, आणि रस्ता वळणामागून वळण घेत वर चढतच असतो. वरच्या वळणावर उभे राहून खाली पाहिले तर पताकांची एक रांग घाटाच्या पायथ्यापर्यंत दिसते. पुढच्या दिंडीचा टाळ मागच्या दिंडीला ऐकू येतो आणि मागचीचा तिच्या मागच्या दिंडीला. घाट चढताना टाळ थांबू द्यायचा नाही हा अलिखित नियम. म्हातारा वारकरी दमला की बाजूचा तरुण त्याच्या खांद्यावरची पिशवी घेतो. त्यासाठी कुणाला सांगावे लागत नाही. रांगेत चालणाऱ्याला शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. गर्दीत तो ऐकू येत नाही. रांग आणि गर्दी यांतला फरक हाच, आणि हैबतबाबांचे थोरपण याच फरकात आहे.

घाटमाथ्यावर झेंडेवाडीपाशी वारा लागतो आणि शीण कमी होतो. तेथून सासवडपर्यंतची वाट सरळ आहे. सासवड म्हणजे माउलींचे धाकटे बंधू सोपानदेव यांचे समाधिस्थान. दिवसभर उपाशी चाललेला वारकरी धाकट्या भावाच्या गावी पोचतो, अशी ही मजल आहे.

चोप वर गेला की

पालखी तळावर पोचली म्हणजे दिवस संपला असे नव्हे. दिवसातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ती म्हणजे समाजआरती.

सगळ्या दिंड्या तळावर येऊन आपापल्या जागी उभ्या राहतात. मध्यभागी पालखी ठेवतात. हजारो टाळ आणि शेकडो मृदंग एकाच वेळी वाजत असतात. कानाला कान लावून बोलले तरी ऐकू येऊ नये असा गजर. अशा वेळी चोपदार आपला चोप, म्हणजे चांदीची काठी, वर उचलतात आणि एक हाक देतात. त्या क्षणी सगळा तळ शांत होतो. पाऊस पडत असेल तर पावसाचा आवाज ऐकू यावा इतका शांत. कुणी पोलीस लागत नाही, कुणी दटावत नाही.

आणि त्या शांततेत कधी कधी एखाद्या कोपऱ्यातून टाळाचा आवाज चालूच राहतो. तो आज्ञाभंग नसतो, ती तक्रार असते. ज्या दिंडीवर दिवसभरात काही अन्याय झाला, कुणी तिच्या जागेत घुसले, कुणी तिचा क्रम मोडला, तळावर तिला जागा मिळाली नाही, ती दिंडी आपले टाळ थांबवत नाही. मग चोपदार चालत त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात, सोहळ्याच्या प्रमुखांपुढे मांडतात आणि तेथल्या तेथे निवाडा होतो. त्या दिंडीचे समाधान झाले की तिचे टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कधी कुणाचे पैसेसुद्धा. उद्या कूच कधी ते सांगितले जाते. आणि हे सगळे झाल्यावर मगच आरती होते.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावे. लाखो माणसे दिवसभर चालून दमलेली आहेत. आरती उरकून केव्हा एकदा पाठ टेकतो असे प्रत्येकाला झाले आहे. तरी एका दिंडीचे गाऱ्हाणे उरले असेल तर देवाची आरती थांबते. लाखांच्या समुदायाला एका चोपाने गप्प करणारे शिस्तीचे सामर्थ्य मोठेच. पण त्याच समुदायात एका लहानशा दिंडीला टाळ वाजवत ठेवून सगळ्यांना थांबवण्याचा हक्क असणे, हे त्याहून मोठे. पहिले फौजेतही असते. दुसरे फौजेत नसते. फौजेची शिस्त वरून खाली येते. हैबतबाबांच्या सोहळ्यात शेवटच्या माणसाचा आवाज खालून वर जातो. सरदाराने आपल्या शिस्तीला माउलींच्या पायाशी नेल्यावर तिच्यात झालेला हा बदल आहे.

वारीत सगळेच गोमटे होते असे म्हणणे खोटे ठरेल. जातीपातीप्रमाणे दिंड्या वेगळ्या आणि पंगती वेगळ्या, असे चित्र पुष्कळ वर्षे होते, आणि विचारी वारकऱ्यांना ते खुपत आले. पण रोज संध्याकाळी गाऱ्हाणे ऐकून घेणारी जागा असली की आज ना उद्या दोष दूर करण्याची वाट मोकळी राहते. जेथे ती जागाच नाही तेथे दोष आतल्या आत सडत राहतात.

पायरी

हैबतबाबा थकले. पालखीचा सोहळा आता रूढ झाला होता. त्यांच्या पश्चात आरफळकर घराण्याकडे सोहळ्याचा मान राहिला आणि तो आजतागायत आहे. परंतु स्वतः बाबांनी आपल्यासाठी कोणती जागा निवडली? आळंदीच्या मंदिरात, ज्या माउलींची त्यांनी उभ्या आयुष्यात सेवा केली त्यांच्या समाधीशेजारी जागा त्यांनी मागितली असती तर ती कुणाला वावगी वाटली नसती. त्यांनी मागितली महाद्वारातील पायरी. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याची पायधूळ आपल्यावर पडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पंढरपुरात महाद्वारी नामदेव महाराजांची पायरी आहे, तशी आळंदीच्या महाद्वारी ही हैबतबाबांची पायरी.

दरवर्षी कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीची पूजा होते आणि त्या पूजेनेच माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्याला आरंभ होतो. वद्य त्रयोदशीला समाधिदिन. इ.स. १२९६ मध्ये माउलींनी समाधी घेतली, त्याच्या पाचशे-साडेपाचशे वर्षांनंतर आलेल्या एका भक्ताची पायरी पुजल्याशिवाय त्या सोहळ्याला सुरुवात होत नाही. जो पायरी झाला त्याला हा मान मिळाला.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी रोगाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. पादुका एस.टी.च्या बसमधून मोजक्या मंडळींसह पंढरीस गेल्या. घरोघरी लोकांनी अंगणात उभे राहून हात जोडले. आपल्या गावातही त्या आषाढीला कितीतरी वृद्ध डोळे पाण्याने भरले. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, वारी पुन्हा निघाली तेव्हा कुणाला नव्याने काही शिकवावे लागले नाही. तिसऱ्या तुतारीला दिंड्या चालू लागल्या. दोन वर्षांच्या खंडाने शिस्त विसरली गेली नाही, कारण ती कागदावर नव्हती, पायांत होती.

आपल्यासाठी बोध

देऊळ दगडाने उभे राहते, पण ते टिकते माणसांच्या वागणुकीने. गावोगावी पाहावे तर जीर्णोद्धार होईपर्यंत सगळे एकदिलाने राबतात आणि कळस चढला की मानापमान सुरू होतात. पहिली आरती कुणाची, पालखीला खांदा कुणाचा, संगमरवरी पाटीवर नाव वर कुणाचे आणि खाली कुणाचे, यावरून भाऊबंद एकमेकांशी बोलेनासे होतात. काही ठिकाणी तर नव्या देवळाला कुलूप लागण्याची पाळी येते. आपण या वाटेला जाणार नाही असा आपला सर्वांचा विश्वास आहे. तरीही सावध असलेले बरे. मान आणि हक्कांच्या वादातूनच हैबतबाबांना वेगळी पालखी काढावी लागली होती, हे विसरता येत नाही. मात्र त्यांनी नवा वाद उभा केला नाही, नवी व्यवस्था उभी केली.

त्यातून आपण घ्यायच्या गोष्टी तीन. पहिली, क्रम ठरवावा आणि ठरलेला क्रम पाळावा. मोठ्याने मागे राहावे लागले तरी पाळावा, म्हणजे लहानाला आपल्या जागेची खात्री वाटते. दुसरी, आरतीच्या आधी गाऱ्हाणे ऐकून घ्यावे. आपल्या मंदिरातही दर एकादशीला आरतीपूर्वी घटकाभर गावाची बैठक बसावी आणि ज्याला काही म्हणायचे असेल त्याने मोकळेपणाने म्हणावे. मनात किल्मिष ठेवून लावलेला कापूर धूरच फार करतो. आणि तिसरी, आपली जागा पायरीशी आहे हे देणाऱ्यानेही लक्षात ठेवावे आणि घेणाऱ्यानेही.

आपल्या मंदिराची नवी पायरी काळ्या दगडाची आहे. तिच्यावर कुणाचेही नाव नाही. ती तशीच राहावी. सकाळी शेतावर निघालेला माणूस, शाळेला निघालेले पोर, माहेरवाशीण, काठी टेकत आलेली आजी, सगळ्यांची पावले तिच्यावर पडतील. पाय ठेवण्यापूर्वी वाकून हात लावताना आळंदीच्या त्या पायरीची आणि तिच्याखाली विसावलेल्या सरदाराची आठवण झाली, तर या जीर्णोद्धाराचे सार्थक झाले असे म्हणता येईल.